घरच्या फोनची खतावणी

औंढा नागनाथच्या बाजारपेठेतील जुन्या व्यापारी घरांत सायंकाळच्या वेळी एक संवाद अजूनही ऐकू येतो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून घरातील वृद्ध आई ओसरीवर बसलेली असते. सांगलीला किंवा जालन्याला दिलेल्या लेकीचा फोन येतो. खुशाली विचारून होते, नातवाच्या परीक्षेचा विषय निघतो, शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला कधी येणार याची चौकशी होते, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आई म्हणते, "बरं बाई, ठेवते आता. उगाच बिल वाढतंय." लेक पलीकडून सांगू लागते, "आई, आता बोलण्याचं बिल येत नाही गं." परंतु तोवर फोन बंद झालेला असतो.

आईचे हे बोलणे आजच्या हिशेबाने चुकीचे असले, तरी निराधार नाही. फोनवरच्या प्रत्येक मिनिटाला पैसे पडतात, हे तिने आयुष्यभर पाहिले आहे. दुसरीकडे, त्याच घरातील तरुण मंडळी फोन आता जवळजवळ फुकट झाला असे समजून चालतात. घरातील सर्व फोनांवर वर्षाकाठी किती रक्कम जाते, हे मात्र दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. दुकानातील बारदान आणि सुतळी यांचाही हिशेब ठेवणाऱ्या घरात फोनचे खाते कोरे असावे, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

मिनिटांचा काळ

फोनच्या खर्चाची सवय समजून घ्यायची, तर थोडे मागे जावे लागते. एके काळी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार होते. अर्जंटला साध्याच्या दुप्पट, तर लाइटनिंगला आठपट आकार पडे. नंबर नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची, घंटी वाजताच धावायचे आणि मोजक्या मिनिटांत काम उरकायचे, असा तो व्यवहार होता. हळदीचा भाव, मालाची रवानगी आणि घरातील सुखदुःख ही सारी त्याच मोजक्या मिनिटांत बसवावी लागत.

ऑपरेटरविना थेट परगावी फोन लावण्याची एसटीडीची सोय देशात प्रथम १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान सुरू झाली. ती लहान गावांपर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने ग्रामीण भागातील उष्णता व धूळ सहन करू शकणारी लहान एक्स्चेंजेस विकसित केली. त्यानंतर गावोगावी फोन आणि पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ दिसू लागले.

एसटीडीच्या आकारणीत एक मर्म होते. एका कॉलचा, म्हणजे एका युनिटचा दर ठरलेला असे. बदलत असे तो त्या युनिटचा अवधी. १९९९ च्या दरपत्रकानुसार स्थानिक संभाषणात १८० सेकंदांनी एक युनिट पडे आणि त्याचा मूळ दर १ रुपया २० पैसे होता. अंतर वाढले की तेच युनिट काही सेकंदांतच पडू लागे. रात्री उशिरा मात्र दर उतरून पावपट होई. म्हणून अकरा वाजल्यानंतर बूथवर गर्दी उसळे आणि मुंबई-पुण्याकडच्या आप्तांशी बोलण्यासाठी घरची माणसे जागत बसत. बूथमधील यंत्रावर लाल अंक सरकत असत. बोलणाऱ्याचा एक डोळा त्या अंकांवर आणि एक कान फोनला, असा तो प्रसंग होता.

घरोघरी त्यावर उपायही निघाले. डायलच्या भोकात बसणारे लहानसे कुलूप आले. फोनशेजारी वही ठेवून कोणी, कोठे व किती वेळ बोलले ते लिहिण्याची पद्धत पडली. प्रवासाहून सुखरूप पोहोचल्याचे कळवण्यासाठी एकच घंटी देऊन फोन ठेवण्याची खूण रूढ झाली. फोन कमी वेळ वापरला की पैसे वाचत, इतका तो हिशेब सरळ होता.

भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. त्या वेळी गर्दीच्या तासांत मिनिटाला सोळा रुपयांहून अधिक आकार पडू शकत असे आणि आलेल्या फोनचेही पैसे द्यावे लागत. येणारे फोन विनामूल्य झाले ते मे २००३ पासून. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपया हा दर आणला, आणि २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा ही आकारणी सुरू केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि बोलण्याचा वेगळा आकारच उरला नाही. जे मिनीट वाचवण्यासाठी घरे रात्री जागत होती, त्या मिनिटाचे मोल अवघ्या दोन दशकांत शून्यावर आले.

दिवसांचा काळ

तरीही खर्च संपला नाही. त्याने केवळ जागा बदलली. २००५ च्या अखेरीस सुमारे हजार रुपयांत 'लाइफटाइम' सिम मिळू लागली, तेव्हा अनेकांनी घरातील वृद्धांसाठी ती घेतली. एकदा पैसे भरले की येणारे फोन कायमचे चालू राहतील, अशी त्यामागची समजूत होती. २०१८ च्या अखेरीस प्रमुख खासगी कंपन्यांनी दरमहा किमान रिचार्जची अट घातली आणि ती समजूत संपली. प्रारंभी ही रक्कम ३५ रुपये होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढली, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर साध्या वापरासाठीही २८ दिवसांना दोनशे रुपयांच्या घरात मोजण्याची वेळ आली.

आजचा ग्राहक बोलण्याचे पैसे देत नाही. तो जोडणी जिवंत ठेवण्याच्या दिवसांचे पैसे देतो. दिवसभर बोलले तरी तेवढेच, आणि महिनाभर फोन कपाटात पडून राहिला तरी तेवढेच. कमी बोलून आता एक पैसाही वाचत नाही. बचत करायची असेल, तर घरात जोडण्या किती आहेत, प्रत्येक दिवसाचा दर काय पडतो, आणि घेतलेल्या योजनेतील किती भाग प्रत्यक्षात वापरला जातो, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

यात २८ या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे. वर्षाचे महिने बारा असले, तरी २८ दिवसांचे रिचार्ज वर्षात तेरा वेळा करावे लागते. ग्राहकांच्या तक्रारींनंतर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. त्यानुसार प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारी अशा प्रकारच्या योजनाही ठेवणे बंधनकारक झाले. पण त्या मागून घ्याव्या लागतात; आपणहून समोर येतात त्या बहुधा २८ दिवसांच्याच.

एका घराचा हिशेब

उदाहरणादाखल औंढ्यातील एक घर कल्पावे. दुकान सांभाळणारे गृहस्थ, त्यांच्या पत्नी, वृद्ध आई, दुकानात बसणारा मोठा मुलगा, सून आणि पुण्यात शिकणारा धाकटा मुलगा अशी सहा माणसे. सिम मात्र सात. कारण दुकानाचा जुना नंबर दुसऱ्या खाचेत तसाच पडून आहे. सातही सिमवर २८ दिवसांचे २९९ रुपयांचे रिचार्ज होते. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेल या दोहोंकडे या किमतीची योजना होती.

एका फेरीचे २,०९३ रुपये, आणि तेरा फेऱ्यांचे २७,२०९ रुपये. ही रक्कम एकदम भरावी लागत नाही. कोणाचे रिचार्ज पाच तारखेला, कोणाचे सतरा तारखेला, कोणी रोख, कोणी मोबाइल ॲपवरून. त्यामुळे एकूण आकडा कधी डोळ्यांसमोर येत नाही. दरमहा हप्त्याने जाणारी रक्कम माणसाला टोचत नाही, हा व्यवहारातला जुना अनुभव येथेही खरा ठरतो.

आता एकेक खाते पाहू. आईजवळ बटणांचा साधा फोन आहे. त्यावर इंटरनेट चालत नाही, तरी दररोज एक जीबी डेटाचे पैसे जात आहेत. अशा ग्राहकांसाठी ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती केली आणि केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळी योजना देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांना ४६९ व ३६५ दिवसांना १,८४९ रुपये, तर जिओने ८४ दिवसांना ४४८ व ३३६ दिवसांना १,७४८ रुपये अशा योजना जाहीर केल्या. आईचा खर्च ३,८८७ रुपयांवरून १,८४९ रुपयांवर येतो आणि तिच्या बोलण्यात एका मिनिटाचीही घट होत नाही.

दुकानाच्या जुन्या नंबराची बँक, जीएसटी व आधार येथील नोंद मुख्य नंबरावर वळवून घेतली, तर ते सिम बंद करता येते. तेथे ३,८८७ रुपये वाचतात. उरलेल्या पाच फोनांना डेटा लागतोच. मात्र जिओच्या २९९ रुपयांच्या योजनेत दिवसाला १० रुपये ६८ पैसे पडतात, तर तितकाच डेटा देणाऱ्या ८४ दिवसांच्या ७९९ रुपयांच्या योजनेत ९ रुपये ५१ पैसे. फरक दिसायला रुपया-सव्वा रुपयाचा. परंतु पाच फोनांवर वर्षाला तो २,१०० रुपयांच्या पुढे जातो. तिन्ही बाबी मिळून सुमारे ८,००० रुपये वाचतात, आणि घरातील कोणाचीही गैरसोय होत नाही. दर पुढे-मागे बदलतील. हिशेबाची रीत मात्र हीच राहील.

खर्च शोधण्याची रीत

पहिले काम यादीचे. एका कोऱ्या पानावर घरातील प्रत्येक नंबर, तो कोणाच्या नावावर आहे, रिचार्जची रक्कम, दिवस आणि संपण्याची तारीख लिहावी. रक्कम भागिले दिवस केले की रोजचा दर मिळतो. योजनांची तुलना करताना किंमत न पाहता हाच आकडा पाहावा. आपल्या नावावर किती सिम आहेत, याची खात्री मे २०२३ पासून सुरू असलेल्या केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर करता येते. तेथे अनोळखी नंबर आढळला, तर तो आपला नसल्याचे कळवण्याची सोयही आहे. खर्चाबरोबरच फसवणुकीपासूनही त्यामुळे संरक्षण होते.

दुसरे काम वापर पाहण्याचे. स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा डेटा-वापर दिसतो. दिवसाला दीड-दोन जीबी घेऊन अर्धा जीबीही खर्च होत नसेल, तर योजना मोठी झाली असे समजावे. घरात फायबरचे ब्रॉडबँड असेल, तर दिवसभर घरीच असणाऱ्यांच्या फोनवरील डेटा बहुतांशी वाया जातो; दोन्हींचे पैसे मोजण्याची गरज आहे का, हे तपासावे. प्रीपेड ग्राहकालाही मागील सहा महिन्यांपर्यंतच्या वापराचा तपशील मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी कंपनीला पन्नास रुपयांपेक्षा अधिक आकार घेता येत नाही.

तिसरे काम लहान गळती शोधण्याचे. कोणीतरी चुकून सुरू केलेली कॉलर ट्यून किंवा भविष्य, विनोद यांसारख्या सेवा शिल्लक रकमेतून पैसे खात राहतात. १५५२२३ या निःशुल्क क्रमांकावरून त्या बंद करता येतात. काही ॲप रिचार्जवर वेगळे सुविधा शुल्क लावतात. पैसे देण्यापूर्वी अंतिम रक्कम वाचावी. १८०० ने सुरू होणारे क्रमांक निःशुल्क असतात, परंतु १८६० ने सुरू होणारे तसे नसतात. अनोळखी परदेशी क्रमांकावरून एकच घंटी आली, तर उलट फोन करू नये. आंतरराष्ट्रीय दराने शिल्लक संपते. परदेशी असलेल्या मुलांशी बोलण्यासाठी इंटरनेटवरून होणारा संवादच किफायतशीर पडतो.

चौथी गोष्ट खास व्यापारी घरांसाठी. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. प्रीपेड किमतीत तो धरलेला असतो आणि पोस्टपेड बिलात वेगळा लागतो. दुकानासाठीच वापरली जाणारी जोडणी नोंदणीकृत व्यवसायाच्या नावे घेऊन बिलावर जीएसटी क्रमांक घातला, तर नियमांच्या अधीन राहून त्या कराची वजावट मिळू शकते. घरचे फोन मात्र त्यात मिसळू नयेत. दुकानाचे खाते वेगळे आणि घरचे वेगळे, ही जुन्या पेढ्यांची शिस्त येथेही उपयोगी पडते.

सांभाळायच्या गोष्टी

बचतीच्या उत्साहात दोन चुका होण्याचा संभव असतो. पहिली म्हणजे बँकेशी जोडलेला नंबर बंद पडू देणे. नव्वद दिवसांहून कमी काळ वापर नसेल, तर प्रीपेड नंबर बंद करता येत नाही. त्यानंतरही खात्यात वीस रुपये शिल्लक असतील, तर ते कापून आणखी तीस दिवस नंबर राखण्याची तरतूद आहे. तेवढ्यावर विसंबून मात्र राहू नये. बंद झालेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. आपल्या मुदत ठेवीचा किंवा व्यवहाराचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हाती जाणे म्हणजे शे-दोनशे रुपये वाचवून तिजोरीची किल्ली रस्त्यावर टाकण्यासारखे आहे. म्हणून आधी बँक, विमा, गॅस, आधार व जीएसटी येथील नोंद बदलावी, महिनाभर खात्री करावी, आणि मगच सिम सोडावे.

दुसरी चूक म्हणजे केवळ स्वस्त म्हणून कंपनी बदलणे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' असा इंग्रजी शब्द आणि आपला नंबर असा संदेश पाठवला की त्यासाठीचा कोड मिळतो. पण औंढ्याच्या बाजारात चांगला लागणारा फोन आडगावच्या शेतावर लागेलच, असे नाही. ज्या कंपनीकडे जायचे तिचे सिम असलेला शेजाऱ्याचा फोन आपल्या घरात, दुकानात आणि शेतावर लागतो का, हे आधी पाहावे. आईच्या साध्या फोनचाही विचार करावा. प्रत्येक कंपनीचे सिम त्या फोनवर चालत नाही.

आकारणीत चूक आढळली, तर प्रथम कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत दाद मागता येते, आणि त्यास शुल्क लागत नाही.

बचतीची मर्यादा

या साऱ्या हिशेबातून घरातील वडीलधाऱ्यांसाठी एक निराळाच निष्कर्ष निघतो. काटकसर हा आपल्या घरांचा संस्कार आहे. गरजेपुरते ठेवावे, निष्कारण साठवू वा उधळू नये, ही परिग्रहाच्या मर्यादेची शिकवण सिमच्या संख्येला आणि न वापरलेल्या डेटालाही लागू पडते. काटकसर मात्र नेमक्या जागी व्हावी लागते. आई लेकीशी चार मिनिटांत बोलणे आटोपते, तेव्हा तिच्या मते ती घराचे पैसे वाचवत असते. प्रत्यक्षात त्या दिवसाचे पाच रुपये आधीच भरलेले असतात. ती बोलली तरी जाणार, गप्प राहिली तरी जाणार. तिच्या मौनातून घराला काहीच मिळत नाही. जाते ते लेकीच्या वाट्याचे बोलणे.

याउलट प्रकारही दिसतो. आईच्या फोनचा फारसा उपयोग नाही असे ठरवून तिचे रिचार्ज लांबवले जाते. चार दिवस तिचा फोन बंद राहतो आणि तिला ते कळतही नाही. लेक फोन लावत राहते. आई मात्र वाट पाहत समजते की मुलगी कामात असेल. घरच्या फोनखर्चात खरोखर कापू नये असा एखादा आकडा असेल, तर तो हाच.

पर्युषणानंतर क्षमावाणीच्या दिवशी आजकाल शेकडो सचित्र संदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ढकलले जातात. त्यात पैसा लागत नाही आणि मनही फारसे लागत नाही. त्याच दिवशी चार जुन्या माणसांना प्रत्यक्ष फोन लावला, तर तोही विनामूल्यच असतो. ज्यांनी एके काळी रात्री अकरापर्यंत जागून आप्तांचा आवाज ऐकला, त्यांना त्या आवाजाचे मोल सांगावे लागत नाही.

यंदाच्या दिवाळीत वहीपूजन होईल, तेव्हा घरखर्चाच्या वहीत एक पान फोनसाठी राखून ठेवावे. त्यावर नंबर, नाव, दिवस आणि रोजचा दर अशी खतावणी मांडावी, आणि दर तीन महिन्यांनी ती ताळ्याला लावावी. हे झाल्यावर आणखी एक लहानसे काम उरते. आईच्या फोनच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत पुढच्या रिचार्जची तारीख लिहावी, आणि खाली एक ओळ: "आई, पैसे भरलेले आहेत. निवांत बोल."